कोनाड्यातली कपबशी

गेल्या हिवाळ्यात एका खेड्यातल्या शाळेने मला वाचनालयाच्या कार्यक्रमासाठी बोलावले. सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा दुष्काळी पट्टा; कर्नाटकाची हद्द जवळ. १९८७ ते १९९० अशी तीन वर्षे या गावात मी आमच्या बँकेचा शाखाधिकारी होतो. गावाचे नाव मुद्दामच देत नाही. कारण पुढे येईल.

कार्यक्रम दुपारचा होता आणि एसटीने मला सकाळी दहालाच उतरवले. शाळेच्या पटांगणात मांडव दिसला. वाटले, आपल्याचसाठी. लेखकांना अशा गोड चुका करण्याची सवय असते. जवळ गेल्यावर कळले की ते क्षयरोग तपासणीचे शिबिर होते. टेबलावर एक्स-रेचे यंत्र ठेवले होते. हातात धरता येईल एवढे, जुन्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यासारखे. आमच्या काळी छातीचा फोटो काढायचा तर जिल्ह्याला जावे लागे. आता यंत्रच गावात आले होते.

आरोग्य खात्याचे एक तरुण कर्मचारी माइक घेऊन प्रश्न विचारत होते. ‘क्षय कशाने होतो?’ मुले ओरडली, ‘जंतूंमुळे!’ ‘कसा पसरतो?’ ‘हवेतून!’ ‘लक्षणे काय?’ यावर मोठी माणसेही उत्तरे देऊ लागली. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळची कसर, भूक मरणे, वजन उतरणे, बेडक्यातून रक्त. ‘औषध किती दिवस?’ ‘सहा महिने!’ ‘बरा होतो का?’ ‘होतो!’ शाळेच्या भिंतीवर ‘टीबी हरेल, देश जिंकेल’ हे रंगवलेलेच होते. शंभरपैकी शंभर गुण द्यावेत अशी परीक्षा झाली.

‘छान! मग आता एकेक जण फोटो काढून घ्या,’ ते कर्मचारी म्हणाले आणि पटांगण रिकामे व्हायला लागले. कुणाला जनावरांना पाणी दाखवायचे आठवले, कुणाच्या चुलीवर भात होता. दहा मिनिटांत टेबलासमोर डॉक्टर, दोन आशाताई आणि मी एवढेच उरलो. मी आश्चर्याने आशाताईंकडे पाहिले. त्यांतली वयाने मोठी होती ती म्हणाली, ‘सर, समद्यांना समदं ठावं हाय. म्हनूनच कुनी येत न्हाई.’

हे वाक्य ऐकले आणि मला एकदम म्हैस आठवली.

एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाचे ते दिवस. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला अनुदान आणि कर्ज मिळून दुभते जनावर द्यायचे, दुधाच्या बिलातून हप्ते वळते करायचे, अशी ती योजना. म्हशीचा विमा उतरवला जाई आणि तिच्या कानात नंबराचा बिल्ला ठोकला जाई. शाखाधिकाऱ्याने अधूनमधून गावात फिरून बिल्ला आणि म्हैस दोन्ही जागेवर आहेत की नाहीत ते पाहायचे. कधी बिल्ला असे, म्हैस नसे. कधी म्हैस असे, पण ती शेजाऱ्याची.

१९८९ च्या उन्हाळ्यात अशाच एका घरी गेलो. पाच हप्ते थकले होते. बरोबर आमचे शिपाई. त्यांना सगळे गाव ‘मामा’ म्हणे, आम्हीही. घरधनी म्हणाला, म्हैस चरायला गेलीय. वैशाखात त्या माळावर चरण्यासारखे दगडच होते. मी बिल्ला मागितला. मग तो म्हणाला, म्हैस मेली. मेली तर विम्याचा दावा का केला नाही? पंचनामा कुठे आहे? तो खाली मान घालून उभा. सोप्यात घोंगडीवर त्याची बायको भिंतीकडे तोंड करून पडली होती. पदर तोंडात धरून खोकत होती. असा कोंडलेला खोकला मी लहानपणी ऐकलेला होता. तो कसला, हे मला त्या क्षणी कळले. आठ-नऊ वर्षांची पोरगी दोन कपबशांतून चहा घेऊन आली. मी म्हणालो, ‘नको बाळ, मला चहा चालत नाही. पित्त होतं.’ मामांनी त्यांचा चहा घेतला आणि मग, काही न बोलता, माझाही घेतला.

शाखेत येऊन मी पाहणी-अहवाल लिहिला. म्हैस परस्पर विकलेली आहे, कर्जदार खोटे बोलतो, कर्ज हेतुपुरस्सर थकवलेले आहे. अक्षर माझे चांगले होते. पुढच्या वर्षी, १९९० मध्ये, केंद्र सरकारची कर्जमाफी आली. दहा हजारांपर्यंतची थकबाकी माफ होणार होती. मात्र ज्यांनी हेतुपुरस्सर कर्ज थकवले त्यांना नाही. याद्या तयार झाल्या. त्याचे नाव माझ्याच शेऱ्यामुळे यादीबाहेर राहिले. मी तोवर बदलीचा हुकूम खिशात घालून सामान बांधत होतो.

निघायच्या आदल्या दिवशी मामांनी सांगितले. म्हैस विकली होती ती बायकोच्या औषधासाठी. तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एका खाजगी डॉक्टराने आधी टायफॉईड म्हटले, मग दमा म्हटले, ताकदीची इंजेक्शने आणि सलाईन यांत पाच महिने आणि म्हैस दोन्ही गेली. शेवटी कुणीतरी मिरजेला नेले तेव्हा बेडका तपासला गेला. मी चिडून म्हणालो, ‘मामा, त्यानं हे मला तेव्हाच का नाही सांगितलं? मी असं लिहिलं नसतं.’ मामा म्हणाले, ‘साहेब, तीन पोरी हायत त्याला. म्हस चोरली म्हनलं तर लोक चार दिस बोलत्यात. घरात क्षय हाय म्हनलं तर पोरी कोन करंल?’

त्या माणसाला चोर ठरणे परवडले. क्षयवाल्याचे घर ठरणे परवडले नाही. त्याने हिशेब मांडला होता आणि तो चुकलेला नव्हता. बँकेत मी आयुष्यभर हिशेब तपासले, पण हा मला तपासता आला नाही.

या गावावर मी पुढे एक कादंबरी लिहिली. तिच्यात मामा आहेत, पोस्टमास्तर आहेत, पाण्याचा टँकर आहे. म्हैस नाही.

कोंडलेला खोकला लहानपणी ऐकला होता असे वर म्हटले, तो माझ्या धाकट्या आत्याचा. १९६७ साली ती वीस वर्षांची होती, लग्न ठरत आले होते. आमचे घर तासगावकडचे, शिकलेले. ‘केसरी’ घरी येई. आत्याला एक दिवस मिरजेला नेले. सांगली आणि मिरज यांच्यामध्ये वानलेसवाडी आहे. मिरजेत मिशनचे मोठे इस्पितळ उभे करणारे डॉक्टर विल्यम वानलेस यांच्या नावाची ती वसाहत, आणि तिथले क्षयरोग्यांचे आरोग्यधाम त्या काळी सगळ्या दक्षिण महाराष्ट्राला माहीत होते. इतके माहीत, की ‘मिरजेला नेलंय’ एवढेच म्हटले तरी पुरे होई. पुढचे कुणी विचारत नसे आणि कुणी विसरतही नसे. आम्ही गावात सांगत होतो, ती शिवणकाम शिकायला राहिली आहे.

दीड वर्षाने ती बरी होऊन आली. चेहरा भरला होता. डॉक्टरांनी दुधात अंडे घालून द्यायला सांगितले होते, आणि आमचे सोवळ्याचे घर; म्हणून मागच्या पडवीच्या कोनाड्यात एक कपबशी वेगळी ठेवली गेली. अंड्याची कपबशी, असे तिचे नाव. वर्षभराने अंडी बंद झाली. कपबशी कोनाड्यातच राहिली आणि आत्याचा चहा तिच्यातूनच होत राहिला. त्याच सुमारास श्री. ज. जोशींची ‘आनंदी गोपाळ’ आली होती. वडील रात्री मोठ्याने वाचत. पहिली हिंदी स्त्री डॉक्टर अमेरिकेहून पदवी घेऊन परतते आणि १८८७ मध्ये, बाविसावे वर्ष पुरे व्हायच्या आत, क्षयाने जाते, तिथे आजी पदराने डोळे पुसत होती. आत्याही ऐकत बसली होती, उंबऱ्याच्या पलीकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा त्याच कपबशीत. आजी १९८१ साली गेली तेव्हाच ती कपबशी कोनाड्यातून उतरली. आत्याचे लग्न झाले नाही. तिने खरोखरच शिवणाचा वर्ग चालवला.

आता यात ज्ञानाचा प्रश्न कुठे येतो ते पाहा. क्षय भांड्यांनी पसरत नाही. कपड्यांनी नाही, शिवल्याने नाही, आईबापांच्या रक्तातून तर नाहीच. फुप्फुसाचा क्षय झालेला आणि औषध सुरू न झालेला माणूस खोकतो, बोलतो, तेव्हा सूक्ष्म कणांबरोबर जंतू हवेत जातात; बंद, अंधाऱ्या खोलीत ते तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासात जातात. जंतू शरीरात शिरलेल्यांपैकी बहुतेकांना आयुष्यभर काहीही होत नाही. ज्यांची शक्ती उपासमारीने, मधुमेहाने, एचआयव्हीने, तंबाखू-दारूने खचलेली असते, त्यांच्यात तो उसळण्याचा धोका अधिक. औषध नीट सुरू झाले की थोड्याच आठवड्यांत रोग्यापासून इतरांना असणारा धोका फार कमी होतो. रॉबर्ट कॉख यांनी जंतू सापडल्याचे २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केले होते. मद्रासला तर आपल्याच देशात एक मोठा प्रयोग झाला. काही रोग्यांना आरोग्यधामात ठेवले, काहींना त्यांच्या गरीब, गर्दीच्या घरांतच औषधे दिली. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला की घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे होतात आणि त्यांच्या घरच्यांना अधिक लागणही होत नाही. जगभरची आरोग्यधामे ओस पडायला हा अभ्यास मोठे कारण ठरला. आमच्या कोनाड्यात कपबशी चढली तेव्हा या निष्कर्षाला नऊ वर्षे झाली होती. वर्तमानपत्र घेणारे घर, आणि तिथे तो पोचला नव्हता.

खेड्यातली माणसे अडाणी म्हणून क्षय हटत नाही, असे शहरात बसून म्हणण्याची आपल्याला खोड आहे. बँकेत आम्हीही म्हणत असू की लोकांना बचतीचे महत्त्व कळत नाही; मग मेळावे भरवायचे, तक्ते लावायचे. प्रत्यक्षात सावकाराचा दर, सोनाराचा दर आणि आमचा दर लोकांना आमच्यापेक्षा नेमका ठाऊक असे. क्षयाचेही तसेच निघाले. बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतल्या डॉ. बॅनर्जी आणि डॉ. अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये क्षयरोग्यांना भेटून एक पाहणी केली. ती १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. जवळजवळ सगळ्या रोग्यांना आपली लक्षणे जाणवत होती. बहुतेकांना काळजीही होती. आणि निम्म्याहून अधिक जण आपण होऊन दवाखान्यात जाऊनही आले होते. तिथे त्यांना काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली. म्हणजे रोगी दारापर्यंत चालत आला होता, दाराआडच्यांनी त्याला ओळखले नाही. पुढे मुंबईत धारावीतल्या शंभर खाजगी डॉक्टरांना विचारण्यात आले की क्षयाला तुम्ही काय औषध लिहाल. १९९१ मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात शंभर डॉक्टरांनी ऐंशी तऱ्हांची औषधयोजना सांगितली होती. आमच्या म्हशीवाल्याला भेटलेला डॉक्टर त्या मानाने एकटा नव्हता.

हे सगळे बरेच बदलले आहे, तेही सांगायला हवे. १९९७ पासून नवा राष्ट्रीय कार्यक्रम टप्प्याटप्प्याने आला आणि २००६ पर्यंत देशभर पोचला. बेडक्याची तपासणी फुकट, औषधे फुकट. पूर्वीचे वर्ष-दीड वर्षाचे उपचार साध्या क्षयाला सहा महिन्यांवर आले. खाजगी डॉक्टरांनाही २०१२ पासून प्रत्येक क्षयरुग्ण सरकारला कळवावा लागतो. भारत २०२५ पर्यंत क्षयमुक्त करायचा, असे २०१८ मध्ये जाहीर झाले होते. ते गाठले गेले नाही; जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आजही आपल्याकडे आहे. पण रोग घटतो आहे, हेही खरे.

मग लोक टेबलापासून का पळतात? २०१९ ते २०२१ या काळात देशभर क्षयाची पाहणी झाली. लक्षणे असलेल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश लोक कुठेही दाखवायला गेलेले नव्हते, आणि कारण विचारल्यावर बहुतेकांचे उत्तर होते, दुर्लक्ष केले. अहवालात हा शब्द एका रकान्यात बसतो. गावात तो बसत नाही. या पट्ट्यातली कितीतरी कुटुंबे दिवाळीच्या आसपास ऊस तोडायला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. एक आजारी पडला तर अख्खा कोयता बसतो, वर खाड्याचे पैसे कापले जातात. हंगाम साधारण सहा महिन्यांचा, आणि क्षयाचे औषधही सहा महिन्यांचे! कार्तिकात खोकला सुरू झालेल्या बाईला तो पाडव्यापर्यंत थांबवून ठेवावा लागतो. औषध चालू असलेली बाई फडावर गेली, तर गोळ्या पुढच्या मुक्कामी कुठून घ्यायच्या ते तिला शोधावे लागते. रिफाम्पिसिन या गोळीने लघवी तांबूस-केशरी होते. कुणी आधी सांगितले नसेल, तर माणूस घाबरून गोळ्या सोडतो. आशाताईंनी सांगितले, त्या पहिल्या दिवशी दुसरे काही सांगत नाहीत, हे एवढे सांगतात.

माझ्या जुन्या खात्याशी संबंधित एक गोष्टही त्यांच्याकडून कळली. क्षयरुग्णाला सकस आहारासाठी सरकार दरमहा पैसे देते. २०१८ पासून पाचशे रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार झाले. पैसे थेट बँकेत. एका नव्या सुनेने आशाताईंना खाते दिले ते माहेरच्या गावचे. सासरच्या घरात पासबुक सासरे भरून आणतात, आणि त्यात ही नोंद दिसली असती. पासबुकातल्या एका ओळीचे असे वजन असते हे मला पस्तीस वर्षे कळले नव्हते. आहाराची गोष्ट मात्र फार मोलाची. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्या माणसांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वे देऊन पाहिली. २०२३ मध्ये निष्कर्ष आला की त्या घरांत नव्याने क्षय होण्याचे प्रमाण जवळपास ४० टक्क्यांनी घटले. दुधात अंडे घालून द्या म्हणणारे डॉक्टर बरोबरच होते. फक्त ते सगळ्या घराला द्यायला हवे होते.

दुपारच्या कार्यक्रमाला वेळ होता. मी आशाताईंना विचारले, ते म्हशीवाले अजून आहेत का? घरधनी २०११ साली वारले होते. तीन हंगाम ऊस तोडून त्याने माझ्या बँकेचे कर्ज फेडले, हे मला त्या अंगणात उभा असताना कळले. तिघी मुलींची लग्ने झाली. बाई होत्या, माझ्याच वयाच्या, काटक, सोप्यात शेंगा फोडत बसलेल्या. मी ओळख सांगितली. त्यांनी ती आधीच पटवली होती. मी अहवालाबद्दल काही बोलायला गेलो, तर त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘ते कागदाचं मला काय ठावं न्हाई. बसा.’ मग आत वळून सुनेला म्हणाल्या, ‘च्या ठेव गं.’ आणि माझ्याकडे पाहून, ‘का आजूनबी पित्त हुतंय?’

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या त्या बाईने तेव्हा सगळे ऐकले होते. मी चहा घेतला. गूळ घातलेला होता, फार गोड.

चहा झाल्यावर त्यांनी विचारले, शाळेत गर्दी का नाही. आशाताईंनी सांगितले की कुणी पहिले बसायला तयार नाही. बाईंनी शेंगांचे सूप बाजूला ठेवले, डोक्यावर पदर घेतला आणि सुनेला हाक मारली. ‘मला आता काय व्हायचंय? माझं झालंय कवाच,’ असे वाटेत दोन-तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या बोलत चालल्या होत्या. टेबलापाशी बसून त्यांनी डॉक्टरांना, आपल्याला काय झाले होते आणि किती महिने गोळ्या खाल्ल्या, ते सांगितले. मांडवाबाहेर बायका उभ्या होत्या. त्यांना हे माहीत नव्हते असे नाही. पण पटांगणात, मोठ्याने, ते कुणी सांगितलेले नव्हते.

सुनेचा फोटो निघाला, मग शेजारणीचा. माझा कार्यक्रम तीनला होता, तो साडेचारला सुरू झाला, कारण श्रोते रांगेत होते. संध्याकाळी डॉक्टर आवराआवर करत होते तेव्हा मी विचारले. सत्तेचाळीस जणांचे फोटो झाले होते. यंत्राने तिघांच्या छातीवर खूण दाखवली, त्यांना बेडक्याच्या डब्या दिल्या होत्या. तिघांपैकी एक जण अजिबात खोकत नव्हता. असे पुष्कळ असतात, डॉक्टर म्हणाले. त्या देशभरच्या पाहणीत तर शंभरातले चाळीसहून अधिक रोगी केवळ एक्स-रेमुळेच सापडले होते.

पाचची एसटी गेली होती. रात्री मुख्याध्यापकांकडे मुक्काम केला.